शेजाऱ्याचे तारू आणि आपले शिंपले

प्रश्न : मूळ नागपूरचे असलेले एक वाचक गेली 14 वर्षे अमेरिकेत, केंटकी राज्याच्या उत्तर टोकाला राहतात. ओहायो नदी ओलांडली की पलीकडे सिनसिनाटी. वडील अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत होते, त्यामुळे नारळातून निघणारी करणी आणि हातातून पडणारी राख यांमागची हातचलाखी हे वाचक शाळेत असतानाच शिकले. त्यांचा शेजारी बॅप्टिस्ट ख्रिस्ती असून देवाने हे विश्व सहा दिवसांत, सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी निर्माण केले असे तो शब्दशः मानतो. दोघांची नऊ वर्षांची मैत्री आहे आणि दर शनिवारी संध्याकाळी शेजाऱ्याच्या व्हरांड्यात त्यांचा वाद रंगत असे. वाचकांचे वडील 2021 मध्ये नागपुरात वारले आणि प्रवासावरच्या निर्बंधांमुळे त्यांना जाता आले नाही, तेव्हा हाच शेजारी तीन रात्री त्यांच्या घरी येऊन बसला होता. दोन महिन्यांपूर्वी दोन्ही घरची मुले समोर असताना वाचक त्याला म्हणाले, ‘तुझे बायबल म्हणजे मोठ्या माणसांची परीकथा आहे.’ शेजारी काही न बोलता आत गेला आणि तेव्हापासून व्हरांडा रिकामा आहे. मागच्या आठवड्यात मात्र त्याचा निरोप आला. त्याच्या चर्चमधली मुले विल्यम्सटाउन येथे उभारलेले नोहाचे तारू, म्हणजे बायबलातल्या जलप्रलयातून माणसे आणि प्राणी वाचवणाऱ्या जहाजाची प्रतिकृती, पाहायला जाणार आहेत. वाचकांच्या 12 वर्षांच्या मुलाला पाठवाल का? खाली एक ओळ होती, ‘मी तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतो.’ वाचक विचारतात : याला एकदाचे निरुत्तर करील असा पुरावा कोणता? मुलाला पाठवावे का? आणि विज्ञान मानणाऱ्याने अशा माणसाशी मैत्री ठेवणे ही तत्त्वाशी तडजोड नाही का? त्यांच्या पत्नीचे म्हणणे, ‘माफी माग आणि विषय संपव.’

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या साडेचार पानांच्या पत्रातली तीन पाने पुराव्यांनी भरलेली आहेत आणि शेजाऱ्याने रात्री तुमच्या स्वयंपाकघरात बसून केलेल्या काळ्या कॉफीवर जेमतेम दोन ओळी आहेत. मी त्या दोन ओळींपाशी बराच वेळ थांबले. तुम्ही त्या का लिहिल्या असाव्यात याचा अंदाज मला आला आहे, पण त्याकडे शेवटी येऊ.

आधी माझा कल सांगून टाकते. मीही देव मानत नाही. पृथ्वीचे वय सुमारे 454 कोटी वर्षे आहे आणि सजीव उत्क्रांत होत आले आहेत, याबाबत तुमचा मित्र चुकतो आहे. ‘दोघांचेही आपापल्या जागी बरोबर’ असला मुत्सद्दीपणा मी येथे करणार नाही, कारण खडकाचे वय मित्राच्या भावनेनुसार कमी-जास्त होत नाही.

मात्र वाद कसा घातला गेला हे पाहताना तुमची एक चूक दाखवायला हवी. डायनासोर कोट्यवधी वर्षांपूर्वीचे आहेत हे कार्बन चाचणीने सिद्ध झाले आहे, असे तुम्ही त्याला दोनदा सांगितल्याचे लिहिता, आणि त्याने त्यावर शंका घेतल्याचा तुम्हाला राग आला. त्याची शंका रास्त होती. कार्बन-14 चे अर्धे अणू साधारण 5,730 वर्षांत विघटित होतात, त्यामुळे सुमारे 50,000 वर्षांपलीकडे ही पद्धत उपयोगी पडत नाही. डायनासोरांचे वय तिने काढतच नाहीत. ते काढतात जीवाश्माच्या वर-खाली असलेल्या ज्वालामुखीच्या राखेवरून किंवा लाव्हावरून, युरेनियमचे शिसे आणि पोटॅशियमचे आर्गॉन होण्याच्या गतीने. तुमच्या निष्कर्षात चूक नव्हती, पण तो कशाने काढला जातो हे तुम्हाला ठाऊक नव्हते. कुठेतरी ऐकलेली गोष्ट तुम्ही अधिकारवाणीने सांगत होता, आणि नेमक्या याच सवयीबद्दल तुम्ही त्याला नावे ठेवता. मला वाटते, ही चूक तुम्ही स्वतःहून त्याच्याकडे कबूल करावी. ‘त्या दिवशी मी चुकीचे बोललो, मग शोधून पाहिले’ हे वाक्य तो चर्चमध्ये क्वचितच ऐकत असेल. तुमच्या तोंडूनही त्याने अजून ऐकलेले नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. निरुत्तर करणारा पुरावा तुम्ही मागता तेव्हा पुरावा कमी पडला म्हणून तो मानत नाही, असे तुम्ही गृहीत धरलेले असते. 4 फेब्रुवारी 2014 रोजी तुमच्या घरापासून फार दूर नसलेल्या पीटर्सबर्गच्या क्रिएशन म्युझियममध्ये विज्ञान लोकांपर्यंत पोहोचवणारे बिल नाय आणि त्या संग्रहालयाचे संस्थापक केन हॅम यांचा जाहीर वाद झाला. तुमचे मत कशाने बदलेल, असे दोघांना विचारण्यात आले. नाय म्हणाले, पुराव्याने. हॅम यांच्या उत्तराचा आशय असा होता की देवाचे वचन खोटे आहे हे मला कोणीही पटवू शकणार नाही. तुमच्यासारखे लोक हे उत्तर पाहून हसतात आणि खिडकी बंद करतात. मला त्या उत्तरातला प्रामाणिकपणा उपयोगाचा वाटतो, कारण येथे दगडांपेक्षा वेगळे काहीतरी पणाला लागलेले आहे, हे त्यातून कळते.

ते काय, हे तुम्ही नऊ वर्षांत त्याला विचारल्याचे पत्रात कुठेही दिसत नाही. शब्दशः निर्मिती मानणाऱ्या ख्रिस्ती माणसाच्या मनातली साखळी साधारण अशी असते : पहिला माणूस आदाम याने पाप केले म्हणून जगात मृत्यू आला, आणि ख्रिस्ताने त्या पापाचे प्रायश्चित्त घेतले म्हणून मृत्यूवर विजय मिळाला. आता आदामाच्या आधी कोट्यवधी वर्षे प्राणी मरत होते, एकमेकांना खात होते, असे म्हटले की मृत्यू पापाआधीच होता असे ठरते आणि साखळीचा पहिलाच दुवा निखळतो. तुम्ही त्याला एखाद्या त्रिखंडी प्राण्याचा, ट्रायलोबाइटचा, जीवाश्म दाखवता, तेव्हा आपली वारलेली आई पुन्हा भेटेल की नाही या त्याच्या आशेला तुम्ही हात घातला आहे असे त्याला वाटत असेल, तर तो तुमच्या युक्तिवादाकडे शांतपणे पाहील तरी कसा? ही साखळी मला पटत नाही. पण ती ठाऊक नसताना घातलेला वाद म्हणजे बंद दाराशी बोलणे आहे.

दुसरे गृहीत असे की तो मानतो तोच ख्रिस्ती धर्म. हे त्यालाही वाटते आणि, गंमत म्हणजे, तुम्हालाही. आयर्लंडमधल्या आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी 1650 मध्ये बायबलातल्या वंशावळ्या मांडून निर्मितीचे साल इसवी सनापूर्वी 4004 असे काढले, हे खरे. पण 1925 साली टेनेसीतल्या डेटन गावात उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर जो प्रसिद्ध खटला चालला, त्यात बायबलाच्या बाजूने उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायनसुद्धा उलटतपासणीत म्हणाले होते की ते सहा दिवस 24 तासांचेच असतील असे नाही. सहा हजार वर्षांची पृथ्वी आणि सगळे जीवाश्म नोहाच्या जलप्रलयात गाडले गेलेले, ही जोडगोळी अमेरिकेत घरोघर पोहोचली ती मुख्यतः 1961 नंतर, एक धर्मशास्त्राचे अभ्यासक आणि एक जलअभियंता यांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकामुळे. म्हणजे तुमचा मित्र ज्याला सनातन श्रद्धा समजतो, तिचे आजचे रूप त्याच्या वडिलांच्या पिढीत घडलेले आहे. रोमन कॅथलिक चर्चने तर 1950 मध्येच मानवी शरीराच्या उत्क्रांतीवरील संशोधनाला मोकळीक दिली आणि 1996 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही निव्वळ कल्पनेपेक्षा अधिक काही आहे असे मान्य केले. (वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक मित्रांना सहा दिवसांवरून चिडवणाऱ्या वाचकांनी हे लक्षात ठेवावे, बहुधा तुम्ही चुकीच्या घराची कडी वाजवत आहात.)

तिसरे गृहीत सर्वांत खोलवर आहे. ‘उत्क्रांती खरी, म्हणून देव नाही’ असे तुम्ही म्हणता. ‘देव आहे, म्हणून उत्क्रांती खोटी’ असे तो म्हणतो. दोघे एकाच वाक्याची दोन टोके धरून ओढत आहात. पण हे वाक्य खरे आहे का? डार्विनच्या सिद्धांताची अमेरिकेत पहिल्यांदा जोरकस पाठराखण केली ती हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी, आणि ते श्रद्धाळू प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती होते. निसर्गात कोणाची योजना आहे की नाही यावर डार्विन आणि ग्रे यांनी पत्रांतून वर्षानुवर्षे वाद घातला. एकमत झाले नाही, मैत्री मात्र टिकली. विश्व एका अतिसूक्ष्म अवस्थेतून सुरू झाले ही कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. 1951 मध्ये पोपनी या सिद्धांताला निर्मितीचा पुरावा म्हणून उचलून धरले, तेव्हा नाराज झालेल्यांत स्वतः लमेत्र होते, कारण विज्ञानाने धर्मासाठी साक्ष द्यावी हे त्यांना रुचत नव्हते. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर येथे 2005 मध्ये निर्मितीवादाचा नवा अवतार शाळेत आणण्याविरुद्ध 11 पालकांनी खटला जिंकला, त्यात त्यांच्या बाजूचे प्रमुख साक्षीदार असलेले जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर हे कॅथलिक आहेत.

या उदाहरणांवरून देव आहे असे सिद्ध होत नाही, आणि मी ती त्यासाठी देत नाही. एवढेच म्हणते की तुमच्या व्हरांड्यात दोन वेगळे वाद एकाच खुर्चीवर बसत आले. पृथ्वीचे वय किती, हा एक. त्याचा निकाल लागतो आणि लागलेला आहे. या सगळ्यामागे कोणी आहे का, हा दुसरा. त्याबद्दल तुमचे आणि माझे मत काहीही असले तरी तो खडकावरून ठरत नाही. पहिल्या वादात मित्राने एक पाऊल मागे घेतले की तुम्ही लगेच दुसऱ्याचा निकाल मागता. मग तो पहिल्यातही पाऊल मागे घेणार नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही घेतले नसते.

तुम्ही नागपूरचे आहात, म्हणून आणखी एका माणसाची आठवण करून देते. हिस्लॉप कॉलेजचे नाव तुम्ही हजार वेळा घेतले असेल. ज्यांच्या स्मरणार्थ ते आहे, ते स्टीफन हिस्लॉप हे 1845 मध्ये नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी. धर्मप्रसार करायला आले, शाळा काढली, आणि उरलेल्या वेळात हातोडी घेऊन आसपासचे दगड फोडत हिंडले. नागपूरजवळच्या टाकळीसारख्या ठिकाणी त्यांना लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये अडकलेला गाळाचा थर दिसला आणि त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख आणि वनस्पतींचे जीवाश्म. त्याचा अर्थ काय होतो ते पाहा. आधी लाव्हा पसरला, निवला, त्यावर तळे साचले, तळ्यात गोगलगायी पिढ्यान्‌पिढ्या जगल्या आणि मेल्या, आणि मग पुन्हा वरून लाव्हा आला. सह्याद्रीच्या घाटात काळ्या कातळांच्या मध्ये लाल मातीचे पट्टे दिसतात, तेही हेच सांगतात. माती व्हायला वेळ लागतो. हे सारे नोहाच्या एका वर्षाच्या पुरात बसवता येत नाही. आज आपण या लाव्हाचे वय सुमारे 6.6 कोटी वर्षे सांगतो. हिस्लॉप यांच्याकडे हा आकडा नव्हता, पण थर नीट पाहण्याची नजर होती, आणि जे दिसले ते त्यांनी लिहून लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेकडे पाठवले. 1863 मध्ये पूर आलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. तोपर्यंत ना त्यांनी दगड सोडले, ना बायबल. शेजाऱ्याला सांगायला तुमच्याकडे तुमच्याच गावची ही गोष्ट असताना तुम्ही त्याला इंटरनेटवरची चित्रफीत पाठवत बसलात, याचे मला जरा वाईट वाटले.

आणखी एक टोचणारा प्रश्न विचारून घेते. दशावतारात उत्क्रांती आधीच सांगून ठेवली आहे, असा संदेश तुमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात येतो तेव्हा तुम्ही काय करता? तुम्हीच लिहिले आहे, ‘तिथे मी बोलत नाही, उगाच वाकडेपणा नको.’ 2015 मध्ये मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. निर्मितीवाद हा फक्त केंटकीचा आजार नाही. घरच्यांना जो संयम तुम्ही नात्यापोटी दाखवता, तो वडिलांच्या मृत्यूच्या रात्री सोबत बसलेल्या माणसाला का मिळाला नाही? मला यात तत्त्वापेक्षा सोय जास्त दिसते.

आता मुलाचे. माझे मत, पाठवा. विल्यम्सटाउनचे तारू 510 फूट लांब आहे, लाकूडकाम थक्क करणारे आहे, आणि आत पिंजऱ्यांत डायनासोरही ठेवलेले आहेत. 12 वर्षांच्या मुलाला मित्रांबरोबर ती एक झकास सहल वाटेल. एका दिवसाच्या सहलीने त्याची बुद्धी गहाण पडत असेल तर तुम्ही 12 वर्षांत त्याला काय दिले, हा प्रश्न आधी सोडवायला हवा. जाण्यापूर्वी त्याला प्रतिवादाचे मुद्दे पढवून पाठवू नका. तो पाहुणा म्हणून जातो आहे, हेर म्हणून नाही. परत आल्यावर फक्त दोन गोष्टी विचारा : काय आवडले, आणि कशाचे कोडे पडले. कोड्याचे उत्तर लगेच देऊ नका.

त्याच्या पुढच्या किंवा मागच्या शनिवारी मात्र त्याला सीझर क्रीकला न्या. ओहायोतल्या वेन्सव्हिलजवळ, धरणाच्या सांडव्यात, उघड्यावर पडलेले शिंपले, प्रवाळासारखे ब्रायोझोआ आणि नशीब असेल तर ट्रायलोबाइटचा तुकडा हाताने वेचता येतो. माहिती केंद्रातून विनामूल्य परवाना घ्यावा लागतो, हत्यारे चालत नाहीत, आणि तळहातापेक्षा मोठा जीवाश्म घरी नेता येत नाही. तिथला खडक सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा तळ आहे. केंटकीतल्या त्याच काळाच्या खडकांत ज्वालामुखीच्या राखेचे पातळ थर मिळतात आणि त्यांतल्या झिर्कॉनच्या स्फटिकांवरून वय मोजता येते. पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे असे सांगणारे पीटर्सबर्गचे ते संग्रहालय उभे आहे तेही याच जातीच्या खडकावर. हे मुलाला सांगताना हसू नका. शेजाऱ्यालाही त्याच्या मुलांसकट बोलवा. तो येईल किंवा येणार नाही. आला तर गाडीत देवाचा विषय काढू नका, दिवसभर फक्त वेचा.

एका बाबतीत मात्र तुम्ही नमते घेऊ नये. तुमच्या मुलाच्या सरकारी शाळेत विज्ञानाच्या तासाला निर्मितीवाद शिकवण्याचा प्रस्ताव आला, तर डोव्हरच्या पालकांप्रमाणे उभे राहा, समोर हाच मित्र असला तरी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्येच तसे शिकवणे घटनाबाह्य ठरवले आहे. व्हरांडा त्याचा आहे, तारू त्याच्या चर्चने पाहायचे आहे. वर्ग सगळ्यांचा आहे. हा फरक तुम्ही त्याला शांतपणे आणि आधीच सांगून ठेवू शकता. तत्त्वाशी तडजोड कुठे होते असे तुम्ही विचारले होते. माझ्या मते या रेषेच्या पलीकडे होते, अलीकडे नाही.

पत्नीच्या सल्ल्यातला अर्धा भाग मी उचलते. माफी मागा, पण विषय संपवू नका. ‘तुझ्या भावना दुखावल्या असतील तर’ असल्या जर-तरची माफी नको. मुलांसमोर तुझा अपमान केला, ती चूक झाली, एवढेच लिहा. पृथ्वीच्या वयाबद्दलचे तुमचे मत मागे घेण्याचे कारण नाही आणि त्यानेही ते मागितलेले नाही. एखाद्या वाचकाची अडचण उलट असेल, म्हणजे घरातल्या नास्तिक मुलाने किंवा भावाने पूजेची टिंगल केली म्हणून बोलणे बंद झाले असेल, तर त्यांनीही याच क्रमाने जावे : आधी अपमान वेगळा काढावा, मग मतभेद तपासावा.

उरली ती प्रार्थनेची ओळ. तिने तुम्ही चिडलात. तुम्हाला ती वरचढपणा वाटली. डार्विनचे लग्न 1839 मध्ये झाले, तेव्हा त्यांची श्रद्धाळू पत्नी एमा यांनी त्यांना एक पत्र लिहिले. सिद्ध झाल्याशिवाय काहीच न मानण्याची विज्ञानातली सवय तुम्ही जिथे सिद्ध करता येत नाही तिथेही लावत असाल का, अशी काळजी त्यात होती, आणि मरणानंतर आपण एकत्र असू की नाही ही भीतीही. डार्विन त्या मताला आले नाहीत. पण ते पत्र त्यांनी जन्मभर जपले आणि मी या पत्राचे कितीदा चुंबन घेतले आणि त्यावर रडलो, अशा अर्थाच्या ओळी त्यावर लिहून ठेवल्या. तुमच्या शेजाऱ्याच्या हिशेबाने तुम्ही बुडणाऱ्या बाजूला उभे आहात. तो रोज एकदा हाक मारतो आहे. त्याला ‘आभारी आहे’ म्हणा. वडील गेले त्या रात्री त्याने तुमच्या घरी प्रार्थना केली होती का, हे तुम्ही लिहिलेले नाही. केली असेल तर तेव्हा तुम्ही त्याला थांबवले नव्हते, असे मला वाटते, आणि त्या दोन ओळी तुम्ही त्यासाठीच लिहिल्या असाव्यात.

निरोपाचे उत्तर आजच पाठवा. मुलगा येईल असे कळवा, डबा काय द्यायचा ते विचारा, आणि येत्या शनिवारी व्हरांड्यात येऊ का, असेही विचारा. त्या संध्याकाळी मुलांना आत खेळू द्या.